कॉमा लावला म्हणून वाक्य जुळत नाही

गेले दोन महिने या सदराकडं जी पत्रं यायलीत त्यात एकच दुखणं वेगवेगळ्या तोंडानं सांगितलंय. कुणाच्या पोरीच्या वहीत लाल पेन, कुणाचा ऑफिसचा मेल, कुणाची बँकेची परीक्षा, आणि सगळीकडं तक्रार एकच, इंग्रजी शब्द येतात, स्पेलिंग येतं, पण दोन वाक्यं जिथं भेटतात तिथं गाडी अडते. म्हणून यावेळी सगळे प्रश्न याच विषयाचे घेतलेत.

प्रश्न : नमस्कार सर. माझी मुलगी मराठी मीडियमला दहावीत आहे. इंग्रजी तिला आवडतंय, निबंध पान-पान लिहिते. पण परवा वही घरी आली तर सगळी लाल. दर दोन ओळींना 'रन-ऑन' नाहीतर 'सी.एस.' आणि शेवटी 'वाक्यं लहान लिही' असा शेरा. तिनं वाक्यं लहान केली तरी परत तेच आलं, आता लिहायलाच नको म्हणायली. मला इंग्रजी थोडंच येतंय पण तिच्याजवळ बसून बघतो म्हटलं. रन-ऑन म्हणजे लांब वाक्य का?
— एक आई, येळ्ळूर

उत्तर : नाही ताई, आणि हा गैरसमज आधी काढून टाकूया कारण तुमच्या मुलीचं निम्मं नुकसान त्यानंच झालंय. रन-ऑनचा आणि लांबीचा काही संबंध नाही. 'इट रेन्ड वुई रॅन.' हे चार शब्दांचं वाक्य रन-ऑन आहे. आणि आता हे बघा, 'व्हेन द रेन स्टॉप्ड, माय ग्रँडफादर, हू हॅड बीन वेटिंग अंडर द शेड विथ टू बॅग्ज ऑफ राइस, वॉक्ड स्लोली होम.' एवढं लांब, पण पूर्ण बरोबर, कारण मुख्य गोष्ट एकच आहे, आजोबा चालत घरी गेले. बाकी सगळं त्यालाच टांगलेलं आहे.

चूक कुठं होते ते सांगतो. ज्याला स्वतःचा कर्ता आहे, स्वतःचं क्रियापद आहे आणि जे एकटं उभं राहू शकतं ते पूर्ण वाक्य. अशी दोन पूर्ण वाक्यं मध्ये काहीच न ठेवता एकापुढं एक लिहिली की रन-ऑन. मध्ये नुसता कॉमा ठेवला की कॉमा स्प्लाइस, वहीतलं 'सी.एस.' ते हेच. स्प्लाइस म्हणजे दोरीची दोन टोकं एकमेकांत गुंफून केलेला जोड. घरात जनावरं असतील तर कासरा तुटल्यावर काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. टोकाला टोक नुसतं ठेवलं तर तो रन-ऑन, बारीक दोऱ्यानं बांधलं तर तो कॉमा स्प्लाइस, म्हैस एकदा ओढली की दोन्ही सुटतात.

आता मुलीजवळ बसून करायची गोष्ट. तिच्या वहीतलं वाक्य समजा असं आहे, 'द बस केम लेट, वुई मिस्ड द पूजा.' कॉमाच्या अलीकडच्या तुकड्यापुढं 'इज इट ट्रू दॅट' लावून वाचायला सांगा. इज इट ट्रू दॅट द बस केम लेट? नीट प्रश्न झाला. पलीकडच्या तुकड्याला लावा, इज इट ट्रू दॅट वुई मिस्ड द पूजा? हाही झाला. दोन्हीकडं नीट प्रश्न झाला म्हणजे दोन्हीकडं पूर्ण वाक्य आहे आणि मधला नुसता कॉमा तिथं पुरत नाही. एखाद्या तुकड्याचा प्रश्नच होत नसेल, 'इज इट ट्रू दॅट बिकॉज द बस केम लेट' म्हटलं की कानाला अर्धवट लागतंय ना, तर तो तुकडा एकटा उभा राहणारा नाही. यासाठी तुम्हाला इंग्रजी फार यायला लागत नाही, कान लागतो.

चूक सापडल्यावर दुरुस्ती कशी? सगळ्यात सोपं, फुलस्टॉप. 'द बस केम लेट. वुई मिस्ड द पूजा.' दुसरं, कॉमा राहू दे पण त्याच्यामागं जोडणारा शब्द लाव, 'द बस केम लेट, सो वुई मिस्ड द पूजा.' असे शब्द सातच आहेत, फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो, आणि त्यांच्या पहिल्या अक्षरांवरून पोरं 'फॅनबॉइज' असं पाठ करतात. तिसरं, एका वाक्याला दुसऱ्याच्या आधारावर टाकायचं, 'वुई मिस्ड द पूजा बिकॉज द बस केम लेट.' चौथा सेमीकोलन, म्हणजे आपला अर्धविराम (;). दहावीच्या पोरीला मी पहिले दोनच शिकवीन, ते हाताला बसले की तिसरा, सेमीकोलन कॉलेजात गेल्यावर शिकला तरी चालतंय.

आणि 'वाक्यं लहान लिही' या शेऱ्याबद्दल. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे, पण पोरं काय करतात, जिथं दिसेल तिथं फुलस्टॉप मारतात. 'वुई मिस्ड द पूजा. बिकॉज द बस केम लेट.' इथं दुसरा तुकडा आता लटकला, एक चूक जाऊन दुसरी आली. तिला म्हणा लांबच लिही, आवडतंय तसंच लिही, फक्त जोड तपास.

प्रश्न : सर, मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, बारा वर्षं झाली. पुण्याच्या कस्टमरला मेल मीच लिहितो. मागच्या महिन्यात एका मेलवरून मोठा घोळ झाला. मी लिहिलेलं असं, 'वुई चेक्ड फॉर्टी पीसेस ऑन मंडे द लॉट वॉज रिजेक्टेड ड्यू टू ब्लोहोल्स.' खरं म्हणजे सोमवारी चाळीस पीस तपासले, मंगळवारी लॉट रिजेक्ट केला आणि बुधवारी सकाळी मेल टाकला. तिकडून उत्तर आलं की सोमवारीच रिजेक्ट झाला होता तर दोन दिवस काय करत होता. मालकांनी मला बोलावलं. माझं कुठं चुकलं?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं कारण काम तुम्ही चोख केलंय आणि बोलणी खाल्ली ती एका टिंबासाठी. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहावं इतकं बोलकं आहे.

तुमच्या वाक्यात दोन पूर्ण वाक्यं आहेत. 'वुई चेक्ड फॉर्टी पीसेस' हे एक, 'द लॉट वॉज रिजेक्टेड' हे दुसरं. मध्ये 'ऑन मंडे' बसलाय आणि तो कुणाचा ते कळायला काहीच मार्ग नाही. मागच्याला चिकटवला तर सोमवारी तपासणी, पुढच्याला चिकटवला तर सोमवारी रिजेक्शन. लिहिताना तुमच्या डोक्यात तो मागच्याला चिकटलेला होता, पुण्यात वाचणाऱ्यानं तो पुढच्याला चिकटवला, आणि त्याचं वाचन काही चुकीचं नव्हतं. मराठीत आपण हे सांगताना 'सोमवारी चाळीस पीस बघितले आणि मंगळवारी लॉट रिजेक्ट केला' असं म्हणतो, वार आधी येतो आणि 'केला' आलं की वाक्य संपल्याचं ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन गेलेलं असतं, वार-तारीख शेवटी येते, म्हणून वाक्याचा शेवट कुठं ते टिंबानंच सांगायला लागतंय.

बरोबर असं, 'वुई चेक्ड फॉर्टी पीसेस ऑन मंडे. द लॉट वॉज रिजेक्टेड ऑन ट्यूजडे ड्यू टू ब्लोहोल्स.' दोन वाक्यं, दोन वार, विषय संपला. मंडेनंतर नुसता कॉमा दिला असता तर? वार तरी मागच्या बाजूला गेला असता, म्हणजे हा घोळ कदाचित टळला असता, पण व्याकरणानं तो कॉमा स्प्लाइसच, आणि दुसरा वार लिहिल्याशिवाय रिजेक्शन कधीचं ते कळलंच नसतं. जिथं तारीख, आकडा, रक्कम असेल तिथं माझं मत पक्कं आहे, फुलस्टॉपच द्या.

पत्रासोबत तुम्ही दुसरा मेल पाठवलाय त्यातलंही एक वाक्य घेतो. 'द फर्नेस इज अंडर मेंटेनन्स, वुई विल स्टार्ट अगेन ऑन फ्रायडे, प्लीज गिव्ह अस वन वीक, द बॅलन्स क्वांटिटी विल बी डिस्पॅच्ड.' इथं चार पूर्ण वाक्यं तीन कॉमांवर उभी आहेत. तिसऱ्यात कर्ता दिसत नाही म्हणून बरेच जण फसतात. 'प्लीज गिव्ह' ही विनंती आहे, समोरचा 'यू' त्यात न बोलताच धरलेला असतो, म्हणून तेही पूर्ण वाक्य. मी असं लिहीन, 'द फर्नेस इज अंडर मेंटेनन्स, अँड वुई विल स्टार्ट अगेन ऑन फ्रायडे. प्लीज गिव्ह अस वन वीक; द बॅलन्स क्वांटिटी विल बी डिस्पॅच्ड बाय देन.' पहिल्या दोन गोष्टी एकाच भट्टीच्या म्हणून 'अँड'नं बांधल्या. विनंती वेगळी म्हणून फुलस्टॉप. आणि आठवडा मागितला त्या आठवड्यात काय होणार ते लगेच सांगायचंय म्हणून सेमीकोलन. सेमीकोलनचा हात नसेल तर तिथंही फुलस्टॉप द्या, कुणी बोट ठेवणार नाही.

प्रश्न : सर मी बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. एरर स्पॉटिंगमध्ये 'हाउएव्हर' आला की माझं हमखास चुकतं. 'बट' चालतो मग 'हाउएव्हर' का नाही, अर्थ तर एकच? आणि दुसरं, 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड' हे सगळीकडं बरोबर म्हणून छापतात, तो कॉमा स्प्लाइस नाही का?
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : अर्थ जवळजवळ एकच, काम वेगळं. 'बट' हा जोडणारा शब्द, दोन वाक्यांच्या मध्ये उभा राहतो आणि जागा सोडत नाही. 'हाउएव्हर' हे क्रियाविशेषण, ते वाक्यात फिरतं. 'द ऑफिस वॉज ओपन, हाउएव्हर द क्लार्क वॉज ऑन लीव्ह.' यातला दुसरा तुकडा असा करून बघ, 'द क्लार्क, हाउएव्हर, वॉज ऑन लीव्ह.' सरकला ना? आता 'द क्लार्क, बट, वॉज ऑन लीव्ह' म्हणून बघ, होतच नाही. जो शब्द असा सरकतो त्याच्यावर दोन वाक्यांचा भार टाकायचा नाही. म्हणून त्याच्याआधी सेमीकोलन नाहीतर फुलस्टॉप आणि त्याच्यानंतर कॉमा, 'द ऑफिस वॉज ओपन. हाउएव्हर, द क्लार्क वॉज ऑन लीव्ह.' देअरफोर, मोअरओव्हर, कॉन्सिक्वेंटली हे सगळे त्याच घरातले. आणि 'देन' विसरू नको, तो दिसायला लहान म्हणून निसटतो. 'ही ओपन्ड द शॉप, देन ही स्वेप्ट द फ्लोअर' यात कॉमा स्प्लाइस आहे, 'अँड देन' केलं की बरोबर.

सीझरचं वाक्य. मूळ लॅटिन, वेनी, विदी, विकी, तिथं तीन शब्दांत तीन वाक्यं आहेत. इंग्रजीत अगदी छोटी, एकाच घाटाची, एका ओळीत चालणारी वाक्यं असली तर नुसत्या कॉमावर चालवून घेतात, लेखक मंडळी मुद्दाम लयीसाठी तसं करतातही. ती सवलत आहे, नियम नाही. परीक्षेत ऑप्शनमध्ये कॉमा स्प्लाइस दिसला तर त्याला चूकच धर.

प्रश्न : मी निवृत्त आहे, आयुष्यभर तंबाखूच्या पेढीवर मराठी आणि कानडीत पत्रव्यवहार केला. कॉमा टाकत टाकत अर्धा पान लिहायचो आणि कुणाचं काही अडलं नाही. 'सकाळी निघालो, चिकोडीला उतरलो, माल बघितला, दर पटला नाही, परत आलो' यात काय वाईट आहे? इंग्रजीलाच एवढा सोवळेपणा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : काका, तुमच्या वाक्यात काही वाईट नाही, उलट फार सुंदर वाक्य आहे, पाच क्रियापदांत अख्खा दिवस आला. मराठीत ते चालतं कारण 'निघालो' मधल्या 'लो'नं कर्ता सांगून टाकलेला असतो आणि प्रत्येक वेळी क्रियापदानं दार लावलेलं असतं.

दुसरी गोष्ट, आपल्याकडं विरामचिन्हं उशिरा आली. तुमच्या पेढीच्या जुन्या चोपड्या मोडीत असतील तर काढून बघा, मोडी लिहिताना हात शक्यतो उचलायचा नाही, शब्दसुद्धा तोडून लिहायची पद्धत नव्हती, मग स्वल्पविराम कुठला. ही चिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तकांबरोबर रुळली आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा हात होता, मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात होते तेच हे कँडी. म्हणजे आपलं वाक्य चिन्हांशिवाय उभं राहायला शिकलेलं आहे. कसं? 'ऊन' लावून. 'उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन तो शेताला गेला.' पूर्ण क्रियापद एकच, शेवटचं 'गेला'. आणि कानडीत तुम्ही काय म्हणाल, 'एद्दु, मारी तोळकोंडु, चहा कुडदु होलक्क होद.' सांगाडा अगदी तोच. इकडच्या माणसाच्या दोन्ही कानांत हीच चाल बसलेली असते, म्हणून त्याचं इंग्रजीही त्याच चालीनं निघतं. सोवळेपणा नाही काका, इंग्रजीला 'ऊन' नाही आणि 'लो' नाही, त्या जागी तिला जोडणारे शब्द आणि टिंबं लागतात.

यातच पोरांसाठी एक युक्ती आहे. ते लिहितात, 'ही गॉट अप, ही वॉश्ड हिज फेस, ही ड्रँक टी, ही वेन्ट टू द फील्ड.' चार वेळा 'ही', म्हणून चार वाक्यं, म्हणून कॉमा स्प्लाइस. पहिला 'ही' ठेवा, बाकीचे काढा आणि शेवटच्या क्रियापदाआधी 'अँड' घाला. 'ही गॉट अप, वॉश्ड हिज फेस, ड्रँक टी अँड वेन्ट टू द फील्ड.' कर्ता एक, त्याची कामं चार, आता ते एकच वाक्य झालं आणि कॉमे नुसती यादी सांभाळतात. आपल्या 'ऊन'च्या सगळ्यात जवळ जाणारं इंग्रजी वाक्य मला हेच वाटतं.

प्रश्न : सर, मी खेड्यातल्या मराठी शाळेत शिकवते. आम्हाला शिकवलं होतं की वाचताना जिथं श्वास घ्यावासा वाटतो तिथं कॉमा, मीही मुलांना तेच सांगते. तरी वह्या कॉमा स्प्लाइसनं भरलेल्या. हा नियम सांगू की नको? आणि चाळीस वह्या तपासायच्या तर कशा?
— एक शिक्षिका, चिकोडी तालुका

उत्तर : बाई, नका सांगू. मीसुद्धा बरीच वर्षं हाच नियम सांगितला आणि मग सोडला, कारण श्वास माणसागणिक बदलतो आणि दोन पूर्ण वाक्यांच्या मध्येच तो सगळ्यात जास्त घ्यावासा वाटतो, म्हणजे जिथं नुसता कॉमा चालत नाही नेमका तिथंच हा नियम कॉमा टाकायला लावतो. अनेक पोरांची चूक ही पोरांची नाहीच, नियम पाळल्याचं फळ आहे.

त्याऐवजी मी दोन गोष्टी करायचो. एक, स्वतःचा निबंध शेवटून वाचायचा. शेवटचा फुलस्टॉप धरायचा, मागं मागं जाऊन त्याच्या आधीच्या फुलस्टॉपपर्यंत यायचं आणि तेवढाच तुकडा मोठ्यानं वाचायचा, मग त्याच्या आधीचा. सुरुवातीपासून वाचलं की गोष्टीच्या ओढीनं पोर चुकीवरून घसरत जातं, उलटं वाचलं की गोष्ट तुटते आणि वाक्य दिसतं. दोन, पेन्सिलनं कर्त्याखाली एक रेघ आणि त्याच्या क्रियापदाखाली दोन रेघा. एका फुलस्टॉपच्या आत अशा दोन जोड्या सापडल्या तर मध्ये जोडणारा शब्द आहे का ते बघायचं. वह्या तपासताना एका आठवड्यात हीच एक चूक बघा, बाकीच्यांना हात लावू नका, आणि दुरुस्त करून देऊ नका, समासात नुसती फुली मारा. पहिल्या आठवड्यात पोरं कुरकुर करतील, नंतर स्वतःच शोधायला लागतात.

आणि वेळ मिळाला तर एखाद्या पोराला जवळ घेऊन विचारा की या दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं काय. मी खानापूरच्या बाजूला शिकवत होतो तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'माय फादर वर्क्स इन गोवा, ही कम्स होम फॉर गणपती.' तिकडची बरीच माणसं गोव्याला कामाला जातात, वर्गातल्या निम्म्या वह्यांत गोवा असायचा. मी तिला म्हटलं यात 'अँड' घालशील, 'सो' घालशील की 'बट'? ती वही घेऊन जागेवर गेली, बराच वेळ काही लिहिलं नाही. मी म्हटलं 'अँड' घाल की, चालतंय. ती म्हणाली नको सर, ते लांब असतात, लांब असले तरी येतात. आणि तिनं कॉमाच्या पुढं अगदी कोरून 'बट' लिहिलं.